वाडीच्या वर भेग पडली आहे: पर्जन्यमापक, खुंट्या की सेन्सर? आणि किती मिलिमीटरला घरं सोडायची?

पायथ्याकडून (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रायगड जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याशी ४२ घरांची वाडी आहे. मागे डोंगर, वर सडा (कातळाचं सपाट पठार), मधून पऱ्या (ओढा) वाहतो. गेल्या पावसाळ्यानंतर गवत कापताना घरांपासून अंदाजे १२० मीटर वर उतारावर एक भेग दिसली. लांबी ३५ मीटर, रुंदी ४ ते ६ सेंटिमीटर, चंद्रकोरीसारखी वळलेली, दोन्ही टोकं उताराकडे. भेगेखालची जमीन दोन बोटं खचली आहे. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नाही. महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र ११ किलोमीटरवर, खाली सखल भागात आहे.

ग्रामपंचायत ६०-७० हजार काढू शकते. एका विक्रेत्याने सेन्सरचा संच दाखवला आहे: उतारात रोवायचा, जमीन हलली की मोबाइलवर संदेश. माझे प्रश्न असे:

१. पैसे त्यात घालावेत की पर्जन्यमापकात?
२. भेग मोजायची कशी, आणि किती वाढली म्हणजे घाबरायचं?
३. किती पावसाला लोकांना हलवायचं? इथे जुलैत रोजच धो धो असतो, रोज कोण हलणार?
४. रात्री काय करायचं?

आगोटीला, म्हणजे पाऊस सुरू व्हायला, दीड महिना आहे.

---

काळाकातळ

चंद्रकोर, टोकं उताराकडे आणि खालची बाजू खचलेली. ही उन्हाने तडकलेल्या मातीची भेग नव्हे, घसरू पाहणाऱ्या तुकड्याचा वरचा काठ आहे. म्हणून पहिलं काम बिनपैशाचं: तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे लेखी अर्ज द्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून, म्हणजे जीएसआयकडून, स्थळपाहणी मागा. सोबत अक्षांश-रेखांश, भेगेचा कच्चा नकाशा आणि मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो. चपलेशेजारी काढलेला फोटो कुणाच्या कामाचा नसतो.

यादीत नाव नाही यावर अजिबात विसंबू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, तीही दरडप्रवण यादीत नव्हती. यात दरवेळी कुणाची हयगयच असते असं नाही. जीएसआयचे राष्ट्रीय पातळीवरचे दरडप्रवणता नकाशे १:५०,००० प्रमाणात आहेत. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. तुमची अख्खी वाडी तिथे तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ३५ मीटरची भेग एक मिलिमीटरही भरत नाही. तो नकाशा 'या पट्ट्यात धोका जास्त' एवढंच सांगतो. घरामागचा उतार घरच्यांनीच पाहायचा असतो.

आता हे घसरतं कसं ते, कारण खुंट्या कुठे ठोकायच्या हे त्यावर ठरतं. आपल्याकडचा कातळ थरांचा. वरच्या सड्यावर पडलेलं पाणी कातळाच्या चिरांतून खाली मुरतं आणि एखाद्या घट्ट थरावर, बऱ्याचदा दोन लाव्हाथरांमधल्या, रेड बोल म्हणतात त्या तांबड्या मातीच्या थरावर, अडतं. मग ते आडवं सरकत उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. उतारावर मात्र मुरूम, माती आणि दगडगोट्यांचा भराव बसलेला असतो. मागून आलेलं पाणी त्यात कोंडलं की मातीच्या कणांमध्ये दाब तयार होतो, कण एकमेकांवर टेकेनासे होतात आणि भराव कातळावरून सुटतो. म्हणजे धोका नुसत्या वरून पडणाऱ्या पाण्याचा नाही, मागून येणाऱ्या पाण्याचाही आहे. म्हणून भेगेइतकंच झऱ्यांकडे लक्ष ठेवा. नवा झरा फुटला, जुना झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, तर ती मोठी खूण. सर्वात वाईट खूण म्हणजे पाऊस कोसळतोय आणि पऱ्याचं पाणी मात्र एकाएकी उतरलं. वर कुठेतरी दरडीने पऱ्या अडलाय आणि मागे पाणी तुंबतंय. तिथे मिलिमीटर मोजत बसायचं नाही.

भेगेची मोजणी. १२ मिलिमीटर जाडीची सळई, ९० सेंटिमीटरचे तुकडे. किमान ६० सेंटिमीटर जमिनीत जायला हवेत. नुसत्या वरच्या भुसभुशीत मातीत ठोकलेली खुंटी गुराच्या धक्क्याने हलते आणि तुम्हाला वाटतं डोंगर हलला. भेगेच्या वरच्या, न हललेल्या बाजूला दोन खुंट्या, एकमेकींपासून २ मीटरवर. खालच्या बाजूला एक. झाला त्रिकोण. वरची बाजू बदलता कामा नये. बदलली तर मोजणी तरी चुकली आहे किंवा भेगेच्या वरही दुसरी भेग उघडते आहे, आणि हे दुसरं कारण फार गंभीर. उरलेल्या दोन बाजूंवरून सरकण्याचं अंतर आणि दिशा दोन्ही कळतात. असे तीन त्रिकोण करा: एक मध्यावर, दोन टोकांकडे. सळईच्या माथ्यावर छिन्नीने बारीक खूण करा आणि त्या खुणेपासूनच मोजा. टेप पोलादी हवा, कापडी टेप ओला झाला की ताणतो. मोजणारा शक्यतो एकच माणूस. शिवाय खचलेली उंची वेगळी नोंदवा. त्यासाठी गवंड्याची लेव्हल ट्यूब पुरते.

आता आगोटीपर्यंत आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात रोज सकाळी. मुसळधार पावसात किंवा अंधारात कोणीही भेगेपाशी जायचं नाही. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

किती वाढली म्हणजे घाबरायचं? एकूण वाढीपेक्षा वेग बघा. समजा रोजची वाढ २, मग २.५, मग ३.३, मग ५ मिलिमीटर अशी येते आहे. प्रत्येक आकड्याने १ ला भागा: ०.५, ०.४, ०.३, ०.२. हे आकडे सरळ रेषेत शून्याकडे निघालेत (शून्य म्हणजे दरड सुटायची वेळ), म्हणजे त्याच चालीने आणखी दोन दिवस उरलेत. जपानी अभ्यासक फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही रीत खाणींमध्ये आजही वापरतात. वाडीसाठी मी एवढंच म्हणेन: सलग तीन दिवस वाढीचा वेग चढता दिसला की शून्याची वाट बघू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. पातळ भरावाची दरड कधी कधी अशी पूर्वसूचना देतच नाही, चिखल होऊन काही मिनिटांत येते. तेव्हा भेग शांत आहे म्हणून पावसाकडे दुर्लक्ष, असं करू नका.

आणि भेगेत पाणी जाऊ देऊ नका. चिकणमाती भरून दाबा, वर जाड प्लास्टिक पसरा आणि काठाला मातीत गाडा. सिमेंट ओतू नका, ते तडकतं आणि फटीतून पाणी आत जातं, वरून दिसतही नाही. भेगेच्या वरच्या बाजूने एक अस्तर घातलेला चर काढून पाणी कडेच्या ओहोळात सोडा, उतार शंभरास एक ते पन्नासास एक. याच्या नेमकं उलट काम म्हणजे सलग समतल चर. पाणलोटाच्या कामात ते उत्तम, कारण पाणी अडवून जिरवतात. पण वाडीच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर पाणी जिरवणं हेच आपल्याला नको आहे. तिथे असे चर खोदायचा प्रस्ताव कुणी आणला तर ठाम नाही म्हणा.

---

थेंबेथेंबे

पावसाबद्दल मी लिहितो.

हवामान खात्याचे शब्द आधी नीट समजून घ्या, वर्तमानपत्रांत ते सरमिसळ होतात. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'मुसळधार', ११५.६ ते २०४.४ 'अतिमुसळधार', २०४.५ च्या पुढे 'अत्यंत मुसळधार'. इशारा जिल्ह्यासाठी असतो, आणि रायगड जिल्हा समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत पसरलेला. २३ जुलै २०२१ ला सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला. त्याच पावसात, २२ तारखेला, महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. घाटाच्या कुशीतला पाऊस ११ किलोमीटरवरच्या सखल केंद्रात मावत नाही. म्हणून तुमचा स्वतःचा मापक हवाच, निदान दोन: एक वाडीच्या सुरक्षित बाजूला, एक सड्यावर.

साधा मापक घरी होतो. सरळ भिंतीचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, लांबी ६० सेंटिमीटर, तळाला टोपण चिकटवून. भिंती सरळ असल्या की आतल्या पाण्याची खोली हाच पाऊस, स्टीलची पट्टी बुडवून वाचायचा. तोंड आडव्या पातळीत हवं, पाणसळ लावून बघा. जवळचं झाड किंवा घर जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. पागोळीखाली किंवा आंब्याखाली ठेवलेला मापक पाऊस मोजत नाही, झाड मोजतो.

विकतचा साधा मापक घेतलात तर बाटलीची क्षमता विचारा. तोंड २०० चौरस सेंटिमीटर आणि बाटली ४ लिटरची असेल तर ती २०० मिलिमीटरला भरते. रात्रीत ३५० पडला तरी सकाळी वहीत २००. नेमक्या ज्या रात्रीसाठी मापक घेतला त्याच रात्री तो खोटं बोलतो.

सड्यावर स्वयंचलित, टिपिंग बकेटचा मापक ठेवा. दर ०.२ मिलिमीटरला आतली डोली एकदा उलटते आणि एक ठोका नोंदवला जातो. ताशी १०० मिलिमीटर पावसात डोली दर ७.२ सेकंदांनी उलटते, आणि प्रत्येक उलटण्यात थोडं पाणी न मोजता निसटतं. त्यामुळे जोराच्या पावसात हा मापक कमीच दाखवतो. मेमध्ये तपासणी करा: तोंड २०० चौरस सेंटिमीटर असेल तर १ लिटर पाणी म्हणजे ५० मिलिमीटर, म्हणजे २५० ठोके. बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडून ते लिटर अर्ध्या तासात ओता. २३८ ते २६२ च्या बाहेर गेला तर नीट करून घ्या. बाकी नेहमीची दुखणी: नरसाळ्यात पानं, डोलीत मुंग्या, आत कोळ्याचं जाळं. दर आठवड्याला उघडून पुसा. पाऊस पडतोय आणि मापक शून्य दाखवतोय, तर तो तुंबला आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, किती मिलिमीटर.

पुस्तकी सूत्रं इथे चालत नाहीत. केन यांचं १९८० चं जगभर वापरलेलं सूत्र २४ तासांसाठी लावलं तर दरडीचा उंबरठा जेमतेम १०३ मिलिमीटर येतो. घाटपायथ्याला जुलैत तेवढा पाऊस किती वेळा पडतो ते तुम्हीच सांगाल. इथल्या उतारांना तेवढ्या पाण्याची सवय आहे. म्हणून आपला आकडा आपल्या नोंदींतून काढायचा. मंडळाचा मागच्या १०-१५ वर्षांचा रोजचा पाऊस कृषी विभागाकडून मागवा. आसपास लहानमोठी दरड, रस्त्यावरचा दगडमातीचा ढीग, खचलेला बांध, जे जे झालं त्याच्या तारखा जुन्याजाणत्यांना आणि रस्त्याच्या ठेकेदाराला विचारून लिहा. कागदावर आडवा अक्ष आधीच्या तीन दिवसांचा पाऊस, उभा अक्ष त्या दिवसाचा. दरडीच्या दिवसांना लाल ठिपका. लाल ठिपके जिथून सुरू होतात त्याच्या थोडं खाली रेघ ओढा.

रेघ हाती येईपर्यंत मी या आकड्यांनी सुरुवात करेन. हे माझे अंदाज आहेत, नियम नव्हे. २४ तासांत १०० किंवा तीन दिवसांत २५० झाला की सावध: दर तीन तासांनी वाचन. आधीच्या तीन दिवसांत ३०० होऊन २४ तासांत १५० झाला की वयस्क, आजारी, गरोदर बाया आणि मुलं दिवसाउजेडी हलवा. २४ तासांत २०० झाला, किंवा तीन दिवसांचा ३०० आधीच होऊन गेलेला असताना तीन तासांत ७५ पडला, तर सगळी वाडी बाहेर. हंगामात चार-पाच रात्री बाहेर काढाव्या लागल्या तर ते सोसण्यासारखं आहे. पंधरा रात्री झाल्या तर सोळाव्या रात्री कोणी उठणार नाही, तेव्हा आकडा वाढवा. मात्र तुमच्या उतारावर भेग आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी आकडा खालच्या अंगालाच ठेवा.

२४ तास म्हणजे सकाळी साडेआठ ते साडेआठ धरू नका. पहाटे दोनला लागलेली झड दुपारी दोनला थांबली तर सरकारी वहीत ती दोन दिवसांत विभागते आणि दोन्ही आकडे निरुपद्रवी दिसतात. प्रत्येक वाचनाला 'मागचे २४ तास' अशी चालती बेरीज करा.

ज्याला हिशेब आवडतो त्याने मुरलेल्या पाण्याचा निर्देशांकही ठेवावा: कालचा निर्देशांक गुणिले ०.८५, अधिक आजचा पाऊस. चार दिवस ६०, ८०, १२०, १५० पडला तर निर्देशांक ६०, १३१, २३१, ३४७ असा चढतो. शेवटच्या दिवशी पाऊस नुसता १५० आहे, पण डोंगराच्या पोटात साडेतीनशे साठल्यासारखं आहे.

केरळात वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने स्वयंसेवकांकडून असंच पर्जन्यमापकांचं जाळं उभारलं आहे. ३० जुलै २०२४ च्या दरडीच्या आदल्या दिवशी त्या नोंदींवरून धोक्याचा इशारा त्यांनी जिल्हा प्रशासनाला कळवला होता. तरी शेकडो माणसं गेली.

---

भोंगा

मी तिथूनच सुरू करतो. इशारा पोहोचला आणि माणसं हलली यांच्यामध्ये जी कामं असतात, त्यांचा पत्ता कुणाकडे नसतो.

निर्णय कोणाचा, हे आधी लिहून ठेवा. तीन नावं, क्रमाने: समजा पोलीस पाटील, ते नसतील तर सरपंच, तेही नसतील तर आशाताई. आकडा ओलांडला की त्यांनी विचार करायचा नाही, भोंगा वाजवायचा. रात्री दोन वाजता तहसीलदारांची परवानगी मागत बसायची गरज नाही. हलल्यावर १०७७ ला, जिल्हा नियंत्रण कक्षाला, कळवायचं.

शेवटचा निर्णय रोज संध्याकाळी ५ वाजता. माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गेलं, इर्शाळवाडी रात्री. अंधारात, पऱ्याला पाणी, हातात पोर, अशा वेळी चालायची वेळ आणायचीच नाही. रात्रीचा अंदाज वाईट आणि तीन दिवसांची बेरीज वरच्या अंगाला असेल तर आकडा गाठायची वाट न बघता उजेडीच निघा. रात्रीचा भोंगा ही चुकलेल्या संध्याकाळची दुरुस्ती आहे.

वाट पऱ्या ओलांडणारी नको. तुमच्याकडे पऱ्या मधून जातो, म्हणजे दोन बाजूंना दोन वेगळ्या वाटा आणि जमायच्या दोन जागा. उताराच्या सरळ खाली न धावता आडवं, कडेला जायचं. दरड पऱ्याच्या पात्रातून सपाटीवरही लांब येते, म्हणून पऱ्याकाठचं सपाट मैदान ही सुरक्षित जागा नव्हे.

मोबाइलवर भिस्त नको. वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी संपते. हाताने फिरवायचा भोंगा घ्या, नसेल तर देवळातली घंटा किंवा ढोल, पण एकच खूण ठरवा आणि ती सणाला वाजवू नका. भोंग्यापासून हजेरी पूर्ण होईपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा, मेमध्ये एकदा दिवसा आणि जूनमध्ये एकदा रात्री. हजेरी घरवार यादीवरून घ्या. पाहुणे आणि मुंबईहून सुट्टीला आलेले लोक यादीत नसतात, त्यांच्यासाठी दाराला खडूची खूण.

लोक अडतात ते गुरांपायी. दावी कापायला कोयता गोठ्यातच टांगा, गुरं मोकळी सोडा, ती आपली वाट काढतात. दुसरी अडचण पहाटे चारची: दूध काढायला बाया परत वर जातात. त्यामुळे दुभत्या जनावरांची सोय निवाऱ्याजवळ पावसाळ्याआधीच करा. तिसरी अडचण निवाऱ्याची. शाळेला कुलूप, किल्ली गुरुजींकडे आणि गुरुजी तालुक्याला. संडास, पाणी, दिवे आणि बायकांना आडोसा नसेल तर दुसऱ्या वेळी कोणी येत नाही.

पाऊस थांबल्यावर लगेच परत नाही. मुरलेलं पाणी मागून येतच असतं. किमान २४ तास थांबा. झरे गढूळ असतील किंवा खुंट्यांचं अंतर बदललं असेल तर आणखी.

---

पायथ्याकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. झेडपीची शाळा पऱ्यापासून ३० मीटरवर आहे आणि तिच्याकडे बघितलं की माथा डोक्यावरच वाटतो. आणि त्या सेन्सरचं शेवटी काय करू? उपग्रहाने अशी सरक मोजतात असंही वाचलं.

---

काळाकातळ

शाळा बाद समजा, निदान जीएसआयची माणसं बघून जाईपर्यंत. घरच्या घरी चाचणी: मोबाइलच्या अंशमापकाने किंवा कोनमापकाला ओळंबा बांधून शाळेच्या पायरीवरून भेगेच्या माथ्याकडे नजर लावा. कोन २० अंशांच्या वर आला तर ती जागा दरडीच्या टप्प्यात धरा. कोन कमी आला तरी पऱ्याकाठ असल्यामुळे मी तिथे लोक झोपवणार नाही.

उपग्रहाबद्दल: रडारने मिलिमीटरमध्ये सरक मोजता येते हे खरं. पण पावसाळ्यात गवत-झाडी दाटली की सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहाच्या आखूड, सी-बँड लहरींना खालची जमीन नीट सापडत नाही. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार उपग्रहाच्या लांब, एल-बँड लहरी झाडीतून जास्त खोल जातात, पण तोही एका जागेवर १२ दिवसांनी येतो. संथ सरकणारे उतार हुडकायला उत्तम, आजच्या रात्रीसाठी नाही.

---

थेंबेथेंबे

सेन्सर निरुपयोगी म्हणणार नाही. आयआयटी मंडीने हिमाचलात रस्त्यांलगत स्वस्त संच बसवले आहेत, आणि अमृता विद्यापीठाने केरळात मुन्नारला २००९ पासून जाळं चालवलं आहे. पण तिथे मागे देखभाल करणारी माणसं आहेत. विक्रेत्याला चार गोष्टी विचारा: सलग दहा दिवस ऊन नसताना बॅटरी किती टिकते? भेगेपाशी रेंज नसेल तर संदेश कसा जातो? संच बंद पडला तर तसा संदेश येतो का, की नुसती शांतता? आणि जुलैत बिघडला तर किती दिवसांत माणूस येतो? तिसऱ्याचं उत्तर 'शांतता' असेल तर घेऊ नका, कारण शांतता म्हणजे सगळं ठीक असं लोक धरून चालतात.

तुमच्या जागी मी पैसे असे लावेन: सड्यावर टिपिंग बकेट, खाली पाइपचे दोन मापक, हाताचा भोंगा, सळया, पोलादी टेप, प्लास्टिक आणि चार चांगल्या विजेऱ्या. उरले तर भेगेवर तार-स्विच: वरच्या खुंटीपासून तार, खाली कप्पीवरून वजन, तार ठरावीक अंतर ओढली गेली की स्विच आणि वाडीत घंटा. माकडं, गुरं आणि पडलेली फांदी तीही वाजवतात, म्हणून तार पाइपातून न्या.

---

भोंगा

निवाऱ्यासाठी शेजारच्या गावचं समाजमंदिर बघा. ग्रामसभेचा ठराव आत्ताच करून किल्लीची एक प्रत पोलीस पाटलांकडे घ्या. ४२ घरं म्हणजे दीडशे-दोनशे माणसं, एका हॉलमध्ये मावतील का ते मेच्या तालमीतच कळेल.